बादली रिकामी नव्हती

पुरवणी जबाब

नाव मूळ जबाबात नोंदल्याप्रमाणे. बंदरावर सगळे 'कवी' म्हणतात. वय बहात्तर. धंदा पूर्वी पुस्तकबांधणीचा, आता काही नाही. राहणार बंदरामागच्या गल्लीत, दोरखंडाच्या दुकानावरच्या मजल्यावर.

मी आज आपण होऊन ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो ते असे की, माझा मित्र, बंदरातला निवृत्त क्रेनचालक, ज्याला आम्ही 'क्रेनवाला' म्हणत असू, त्याच्या मृत्यूबाबत मी काल एक जबाब दिला आहे. त्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली. काल ती मला सांगण्याजोगी वाटली नाही. आज सकाळी त्याच्या मुलीशी बोलल्यावर ती वाटली.

क्रेनवाला आणि मी शाळेत एका बाकावर बसत होतो. त्याला एकही कविता धड पाठ होत नसे. वर्गात सगळे मिळून म्हणायची वेळ आली की तो माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवी आणि शेवटचा शब्द तेवढा सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणे. गुरुजी म्हणत, वर्गात एवढा खणखणीत आवाज कोणाचा नाही. जबाब घेणारे साहेब म्हणाले, "बाबा, शाळा राहू द्या. धक्क्यावर या." म्हणून धक्क्यावर येतो.

जुन्या धक्क्यावरून आम्ही दोघे गळ टाकतो. होडी नाही, मचवा नाही, किनाऱ्यावरूनच. आमचे आमिष जिवंत असते. बोय नावाचा मासा असतो, त्याची बोटाएवढी पिल्ले. भरतीचे पाणी चढू लागले की ती धक्क्याच्या पायऱ्यांवरचे शेवाळ खायला येतात. पावाचा चुरा टाकायचा, लहान जाळ्याने ती धरायची आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवायची. फार ठेवली तर गुदमरतात, म्हणून थोडीच. घरात मासे पाळायच्या काचेच्या पेटीला लावतात ते बुडबुड्यांचे यंत्र क्रेनवाल्याने बादलीला लावले होते. ते सेलवर चालते.

बोय धरताना हात आधी ओला करावा लागतो. सुक्या हाताने धरला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा टिकत नाही. गळ वरच्या ओठातून घालायचा, म्हणजे तो पाण्यात पोहत राहतो, आणि त्याला पोहताना पाहून मोठा मासा येतो. मी एकदा घाईत सुका हात घातला तेव्हा क्रेनवाला म्हणाला होता, "लेका, पाहुण्याच्या ओठात गळ घालतोयस, निदान हात तरी ओला कर!"

संध्याकाळी उरलेले बोय परत सोडायचे, हा नियम त्याचा. तेही वरून ओतायचे नाहीत. तो म्हणे, "मी क्रेनवरून पडलेली पोती बघितलीत. एवढ्या उंचीवरून पाणीसुद्धा फरशीसारखं लागतं." म्हणून तो पायऱ्या उतरून खाली जाई. उतरण्याआधी गळाच्या काठीचे तुकडे सुटे करून कापडी पिशवीत घाली आणि नाडी बांधी, म्हणजे वर आल्यावर काही आवरायचे राहत नसे. चपला वरच्या पायरीवर काढी, कारण खाली शेवाळावर चप्पल घसरते. चष्मा आणि घड्याळ रुमालात बांधून उजव्या चपलेत ठेवी. चष्मा यासाठी की एक चष्मा वाकताना पाण्यात गेला होता, आणि त्यावरून वहिनींनी त्याला बरेच दिवस ऐकवले होते. मग शेवाळ सुरू होते त्याआधीच्या कोरड्या पायरीवर बादली ठेवून, खाली पाण्याशी जाऊन एकेक बोय ओल्या हाताने सोडायचा. तरतरीत असतील ते आधी. जो दमलेला असेल तो शेवटी, त्याला बादलीत जास्त वेळ विसावा मिळावा म्हणून. तोही सुटला की यंत्र बंद.

हे चालू असताना मी वरच्या पायरीवर उभा राहून बॅटरीचा उजेड धरतो. ते माझे काम.

घटनेच्या दिवशी आम्ही दुपारी उन्हे कलल्यावर धक्क्यावर गेलो. पाणी चांगले होते. मासा लागला नाही. वहिनी जाऊन वर्ष होत आले होते. आम्ही बसलेलो असताना त्याला मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते. तिने घर बंद करून तिच्याकडे राहायला या असे सांगितले आणि तो नाही म्हणाला. पुढे तिचा आवाज चढला तो मला शेजारी ऐकू आला. "आईपेक्षा तुम्हाला मासेच जवळचे! तेव्हाही आणि आत्ताही!" असे ती म्हणाली.

'तेव्हाही' म्हणजे काय असे साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, वहिनींना दवाखान्यात नेल्याचा निरोप धक्क्यावर आला, त्या दिवशीही क्रेनवाला आधी पायऱ्या उतरला होता. बादलीतले सगळे बोय सोडले आणि मग तो दवाखान्याकडे धावत गेला. मी बॅटरी धरून उभा होतो. तो पोचला तेव्हा वहिनींना बोलता येत नव्हते. याबद्दल आम्ही दोघे कधी बोललो नाही.

फोन ठेवल्यावर क्रेनवाल्याने गळ वर घेऊन बोय तपासला आणि पुन्हा टाकला. मग म्हणाला, "काचेच्या पेटीतले मासे बघत बसा म्हणते. जन्मभर क्रेन चालवली, आता चावीच्या खेळण्यातली चालवू?" मी हसलो. तो हसला नाही. पुढे म्हणाला, "पण आवाज अगदी तिच्या आईसारखा चढतो रे. बरं वाटलं ऐकून." आणि मग, "जाईन मी. पावसाळ्यात इथे तसंही कोण बसतंय? जाईन. पण तू तिला आत्ताच सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

यावर मी त्याला चौथीतली समुद्राची कविता म्हणून दाखवली. शेवटचा शब्द त्याने नेहमीप्रमाणे मोठ्याने म्हटला. ती कविता इथे घेण्याचे कारण नाही असे साहेबांचे म्हणणे पडले.

दिवस मावळायच्या आत मी निघालो. माझा गुडघा दुखत होता. तो म्हणाला, "जा तू. बॅटरी ठेवून जा." मी बॅटरी द्यायला विसरलो. ती माझ्या कोटाच्या खिशात घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा मला फोन आला की बाबा फोन उचलत नाहीत, रागावलेत का बघा. मी त्याच्या घरी न जाता सरळ धक्क्यावर गेलो. का, ते सांगता येत नाही. वरच्या पायरीवर चपला होत्या, उजव्या चपलेत रुमालाचे गाठोडे होते. काठी पिशवीत होती, नाडी बांधलेली. बादली खाली त्याच कोरड्या पायरीवर सरळ उभी होती. रात्री भरती येऊन गेली, पण ती तिथवर चढत नाही.

मी बसत बसत खाली गेलो. यंत्र चालू होते. बादलीत एक बोय होता. तळाशी होता, पण कल्ले हलत होते.

मी हात पाण्यात बुडवला, त्याला उचलले, खाली पाण्यात नेऊन तोंड प्रवाहाकडे करून थोडा वेळ तसाच धरला, आणि त्याने शेपटी हलवल्यावर सोडला. तो शेवाळाच्या कडेने गेला. हे मी विचार करून केले नाही. उरलेला बोय सोडायचा असतो, म्हणून सोडला. यंत्र बंद करायचे माझ्या लक्षात आले नाही, कारण ते काम त्याचे. मग वर येऊन मी चहाच्या टपरीवाल्या बाईंना ठाण्यावर फोन करायला सांगितले. दुपारी जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलट बोटीच्या माणसांना क्रेनवाला लाटारोधक भिंतीपाशी मिळाला.

हवालदारांनी धक्क्यावर पंचनामा केला तेव्हा बादलीत फक्त पाणी होते आणि त्यांनी 'रिकामी बादली' असे लिहिले. मी शेजारी उभा होतो. मला वाटले, बादलीचे काय एवढे? काल माझ्या जबाबातही 'बादली रिकामी होती' असेच उतरले आणि मी त्यावर सही केली.

आज सकाळी मुलगी मला ठाण्याबाहेरच्या बाकावर भेटली. मी शेजारी बसल्यावर ती म्हणाली, "काका, साहेब म्हणतात, चष्मा काढून ठेवला, घड्याळ काढलं, काठी बांधली, मासेसुद्धा सोडून दिले. सगळं आवरून गेले बाबा. घसरणारा माणूस एवढं आवरतो का?" मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "मीच बोलले त्यांना. तुम्ही ऐकलंत ना?" मी हो म्हणालो. खोटे बोलता आले नाही. मग मी उठून आत आलो.

साहेबांनी मला स्टुलावर बसवले आणि विचारले, "बाबा, तो मासा तुमच्याशिवाय कोणी पाहिला?" मी कोणी नाही असे सांगितले. साहेब म्हणाले, "मित्रासाठी माणूस बरंच काही सांगतो. मुलीसाठी तर आणखीच." मी म्हणालो की मी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके बांधली, एक पान कधी माझ्या पदरचे घातले नाही. साहेब म्हणाले, "हे लिहू?" मी म्हणालो, लिहा.

यावर साहेबांनी पंचनामा करणाऱ्या हवालदारांना आत बोलावले आणि बादलीबद्दल विचारले. हवालदार म्हणाले, "साहेब, रिकामीच होती. ते एक मशीन तेवढं गुरगुरत होतं, मीच बंद केलं. त्या आवाजात लिहायला सुचेना." साहेबांनी पंचनामा काढून पाहिला. त्यात 'हवेचे यंत्र, चालू स्थितीत' असे होते. साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवले. मग हवालदारांना म्हणाले, "मासे सोडून झाल्यावर ते कशाला चालू ठेवील माणूस?" हवालदार म्हणाले, "विसरला असेल." साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो की सेल संपतील म्हणून क्रेनवाला घरच्या भिंतीवरचे घड्याळसुद्धा रात्री बंद करत असे, आणि हातातले घड्याळ मागे पडते म्हणून सकाळी मला फोन करून वेळ विचारून पुन्हा लावत असे. हवालदार हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहिले.

माझे म्हणणे एवढेच की, तो खाली मासे सोडायला गेला होता आणि एक सोडायचा राहिला होता. ओहोटी होती, पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि अंधार झाला होता. बायको दवाखान्यात असताना ज्याने एकही बोय मागे ठेवला नाही, तो तिथे एक बोय बादलीत ठेवून आपण होऊन जाणार नाही. त्याच्या मनात मुलीकडे जायचे होते. तिच्या आवाजाचा त्याला राग आला नव्हता. बॅटरी माझ्या खिशात होती. ती सोबत आणली असून टेबलावर ठेवली आहे. ती ठेवून घ्यायची गरज नाही असे साहेबांनी सांगितले. मी ती परत घेतली नाही.

माझ्या कालच्या जबाबातील 'बादली रिकामी होती' हे वाक्य माझ्या सांगण्यावरून रद्द समजावे व त्या जागी 'बादलीत एक जिवंत बोय होता, तो मी सोडला' असे वाचावे. या दुरुस्तीपुढे मी वेगळी सही केली आहे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. वाचताना मुलगी बसली आहे त्या बाकाकडचा दरवाजा उघडा ठेवावा व जरा मोठ्याने वाचावे अशी मी विनंती केली, ती साहेबांनी मान्य केली. मुलीच्या फोनचा भाग आला तेव्हा हवालदारांचा आवाज खाली गेला. साहेबांनी त्यांना तो भाग पहिल्यापासून पुन्हा, मोठ्याने वाचायला लावला. मी सांगितले तसेच लिहिले आहे, त्यात कमी-जास्त काही नाही. बाहेर ऐकू गेले आहे.