तळ्याकाठचा तंबू

इंदापूरची गाडी तासभर आली न्हाय म्हणून माझं डोकं तापलेलं. तेवढ्यात बारामती स्टँडवर, माझ्या मागच्या बाकड्यावर आजी-नातीची जुंपली.

"मोने, घरी न सांगता निघालीस व्हय गं?"

"आज्जे, वर्गातल्या सहा पोरी हायेत, मॅडम हायेत. तळ्याकाठच्या झाडीत एक रात तंबूत झोपायचं. कॅम्पिंग म्हणत्यात."

"तुझ्या बापानं मेंढरं विकून घर बांधलं. तवापास्नं मी सिलॅबखाली झोपती. आन् तू परत रानात चाललीस?"

"मज्जा असती तितं."

"तंबू कुठं ठोकणार?"

"पाण्याच्या अगदी कडंला. फोटो भारी येत्यात."

"आगं खुळे! पाण्याकडंला पहाटं दहिवर पडतंय, चिंब व्हशील. वरच्या अंगाला ठोकायचा, वाऱ्याकडं पाठ करून. आपली मेंढरं बी तशीच बसायची."

"बरं, तसाच ठोकीन. पण मला माघारी नेऊ नगंस."

"भाकरी कोण थापणार?"

"गॅसवर नूडल्स करणार हाय."

"रानात गॅस? मग घरीच बसा की!"

"आज्जे, गाडी आली. जाऊ का नको, एकदाच सांग."

"जा की. पर आदी माझी पिशवी धर, मला चढू दे."

"तू कुठं निघालीस? आन् केवढी जड हाय ही! काय भरलंय हिच्यात?"

"घोंगडं. आन् तवा."