शांताक्कांच्या बचत गटाची तपासणी

गिरणीत अर्धंच कानावर पडलं, "गटाचं मानांकन जातंय, आन् शांताक्काची खुर्चीबी..." पुढचं चक्कीनं खाल्लं. शेजारधर्म म्हणून मी तपासणीला जाऊन बसलेच. मानांकन टिकलं तर गटाची लोणची इंदापूरच्या मोठ्या दुकानात जाणार होती.

तपासायला आलेल्या मॅडमनी विचारलं, "गटात निर्णय कोण घेतं?"

अध्यक्ष शांताक्का म्हणाल्या, "सगळ्या मिळून."

"बाकीच्यांना बोलू द्या की."

अक्का मागं वळल्या. "बोला गं, सगळ्या मिळून घेतो म्हणून."

बाया एका सुरात तेच बोलल्या.

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "आधी नवा अध्यक्ष निवडा, मग मानांकनाचं बघू."

"आत्ताच निवडू की. जिला मी नको, तिनं हात वर करावा."

सगळ्यांचे हात पदराखाली गेले.

मानांकन गेलं ते खरंच. खुर्चीवर मात्र अक्काच हायेत.