कठड्यावरची माणसं

हौशीराम : ट्रंक तेवढी काढून द्या बाई. गाठोडं मी बांधतो. पप्पूनं टेम्पो वडाखाली लावलाय. सामान नव्या जागी टाकून लई रात व्हायच्या आत मला गावाची, निरगुडसरची वाट धरायचीय.

जहाँआरा : ट्रंकेला मी हात लावायची नाय, भाऊ. ट्रंक आरतीची, खोली आरतीला दिलेली. ती दवाखान्यातली ड्यूटी करून आली की तिला विचारा आन् खुशाल न्या.

हौशीराम : अवो, बाप हाय मी तिचा.

जहाँआरा : म्हणून तर बसायला खुर्ची दिली. न सांगता टेम्पो घेऊन येणाऱ्याला मी दारात उभं करत नाय. चहा टाकू?

हौशीराम : नको. घशाखाली उतरायचा न्हाई. आठ दिस झालं, भाकरीसुद्धा गोड लागंना. आज ओझरच्या गणपतीला नारळ फोडला आन् ठरवलं, पोरीला हितनं हलवायची म्हंजे हलवायची.

जहाँआरा : हितं तिला काय कमी पडलं? जूनपासून राहते. तापली तवा कपाळावर पट्ट्या मी ठेवल्या.

हौशीराम : तुमचं नाव न्हाई घेत मी. तुमी मायेच्या, ते पोरगी बी सांगती. पन ही गल्ली... राग मानू नका. खांबावर दिवा न्हाई. भिंतींचं पोपडं निघाल्यात, वर काचा खोचल्यात. मोरी उघडी वाहती. कोपऱ्यावर मटका. आमच्या गावच्या गेणभाऊला सांगितलं तर त्यो म्हनला, हौशीराम, बिबट्याच्या जाळीत पोर ठिवून आलास.

जहाँआरा : गेणभाऊंनी गल्ली बघितली का कधी?

हौशीराम : न्हाई. मी सांगितली तेवढ्यावर म्हनला.

जहाँआरा : मटका चालतो, खोटं कशाला बोलू? मागं एक सायकल गेली, ती बी आमच्यातल्याच एकानं नेली. खांबावर दोनदा दिवा लागला, दोनदा आमच्याच पोरांच्या चेंडूनं फुटला. हितं सगळे साधुसंत राहतात असं मी जूनमध्ये बी म्हणाले नव्हते. पण भाऊ, बिबट्याचं तुमी काढलं म्हणून सांगते. तो निघतो कुठं? तुमच्या उसात. आन् लांबनं बघावा तर ऊस कसा हिरवागार! दिसण्यावर जायचं तर माणसानं तिथंच जाऊन निजावं.

हौशीराम : बोलण्यात तुमी मला ऐकायच्या न्हाई. पन मी माझ्या डोळ्यानं पायलंय. मागल्या आयतवारी बाजरीचं पीठ द्यायला आलो व्हतो ना, तवा आधी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. म्हनलं बघू तरी, ही पोरगी कुठनं येती, कशी येती.

जहाँआरा : मला म्हणालात की एसटी उशिरा आली.

हौशीराम : म्हनलो. खोटं बोललो. चौघं जनं मोरीच्या कठड्यावर बसली व्हती. पत्तं खेळत. हसनं-खिदळनं चाललं व्हतं. आन् माझी आरती कोपऱ्यावर दिसली तशी चौघं बी एकदम गप. पत्तं हातातच. माना खाली. ती पुढनं गेली, दारात शिरली, मग पुन्यांदा सुरू. बाई, चांगली मानसं अशी गप व्हत्यात का? उसात बिबट्या असला ना, तर रातकिडं बी असंच गप व्हत्यात.

जहाँआरा : मग?

हौशीराम : मग काय! त्यातला एक तर बघवंना. भुवई फाटल्याली, टाक्याची खूण पार कानापतूर. त्यानं खिशातनं चाकू काढला, ह्येवढा, वाकड्या पात्याचा. नखं कापत बसला चाकूनं. पोर कुठं ठिवलीय मी, ह्ये तवा कळलं मला.

जहाँआरा : डावी भुवई?

हौशीराम : डावीच. वळखता का तुमी त्याला?

जहाँआरा : वळखते. नऊ महिने पोटात होता माझ्या. तन्वीर. माझा मोठा. जीपगाड्यांचे सीट शिवतो. सहा वर्षांपूर्वी सीटचा पत्रा सटकला, भुवई फाटली. डोळा वाचला तेच अल्लाची मेहेरबानी. आन् तो वाकडा चाकू रेक्झिन कापायचा. दिवसभर हातात असतो, तर खिशातच राहतो.

हौशीराम : मला काय ठावं, बाई. आरती कवा बोलली न्हाई.

जहाँआरा : बोलली असेल. 'तन्वीरभाई' म्हणते ती. तुमी मनात दुसराच कुणी तन्वीर उभा केला असंल.

हौशीराम : माफ करा. त्याला बोलवा, मी त्याच्या तोंडावर...

जहाँआरा : कुठनं बोलवू? सकाळपासनं चौकीत आहे तो.

हौशीराम : चौकीत?

जहाँआरा : दोन हवालदार आले. म्हणाले, वरनं निरोप आलाय, पोरीबाळींवर नजर ठेवणारी टोळी बसते हितं. तन्वीर भाकरी खात होता. खिसा बघितला, चाकू सापडला. सापडणारच. माझे दीर पीरमहंमदभाई दुपारपासनं चौकीच्या पायरीवर बसून आहेत. उद्या कोर्टापुढं उभा करणार म्हणतात. लग्न ठरलंय त्याचं, मंचरची मुलगी. तिच्या घरच्यांच्या कानावर गेलं तर संपलं. म्हणून म्हणते भाऊ, आज मला तुमच्या ट्रंकेचं सुचत नाय. माझा जीव तिकडं टांगलाय.

हौशीराम : निरोप... कुनी दिला, ते सांगितलं का?

जहाँआरा : नाव नाय सांगितलं. हवालदार कागदावरनं वाचत होता. 'भुवई फाटलेला, खिशात वाकडा चाकू.' जसं आत्ता तुमी... हेच शब्द, भाऊ. माझ्याकडं बघा.

हौशीराम : गेणभाऊचा भाचा पोलिसात हाय. त्याच्या कानावर घातलं मी. नुसतं ध्यान ठिवा म्हनलो, देवाशप्पथ. उचलून न्या म्हनलो न्हाई.

जहाँआरा : माझ्या घरात बसून, माझ्या हातचा चहा पिऊन गेलात तुमी. त्या आयतवारी तुमचं पिठाचं पोतं वर खोलीत कुणी नेलं, माहीत आहे?

हौशीराम : आरती म्हनली, खालच्या दादानं नेलं.

जहाँआरा : तोच खालचा दादा.

हौशीराम : बाई, मला बोला. शिव्या घाला. पन असं शांत राहू नका.

जहाँआरा : शिव्या घालून तन्वीर सुटणार असता तर घातल्या असत्या. ऐका आता. पाच वर्षांखाली पीरमहंमदभाईंची लेक इफरा शिवणक्लासवरनं येत होती. ह्याच मोरीपाशी मोटरसायकलवरचे दोघं आले, ओढणी ओढली. पोरगी मोरीत पडली, हात मोडला. कपडे चांगले होते त्यांचे, बूट पॉलिशचे. ती ओरडली, पण सगळी दारं लावलेली. आमी आत टीव्ही बघत होतो. मी बी बघत होते, भाऊ.

हौशीराम : मग?

जहाँआरा : दुसऱ्या दिवशी पीरमहंमदभाईंनी सगळ्यांना मशिदीपुढं गोळा केलं. म्हणाले, आजपासनं दिवेलागणीला कामावरनं जो सुटंल त्यानं कठड्यावर बसायचं. गल्लीतली शेवटची बाई घरात शिरली की मगच उठायचं. आन् बाईमाणूस जवळनं जाताना बोलायचं नाय, हसायचं नाय, वर बघायचं नाय. तिला वाटायला नको की आपल्यावर कुणी राखण बसवलीय.

हौशीराम : म्हनून गप झाली व्हती ती.

जहाँआरा : म्हणून.

हौशीराम : आन् मी त्यालाच भ्यालो.

जहाँआरा : ते बसतात म्हणून गल्ली वाईट दिसते, हे आमाला बी कळतं. नवीन माणूस आला की दचकतोच. पण पाच वर्षांत ह्या मोरीपाशी कुणाच्या अंगाला बोट लागलं नाय. तुमी आरतीला कुठं नेणार होता?

हौशीराम : दवाखान्यापलीकडं नवी सोसायटी झालीय, तिथं खोली बघितलीय. गेट हाय, झाडं लावल्यात, जिन्यात फरशी लखलखती.

जहाँआरा : आरतीच्या दवाखान्यातली शीला तिथंच राहायची. गेल्या महिन्यात गेटच्या आत, जिन्यात तिच्या गळ्यातली साखळी ओढली. ती ओरडली, तशा वरच्या खिडक्या एकेक करून लागल्या. उघडल्या नाय, लागल्या. आता ती बी खोली शोधते. मला विचारून गेली.

हौशीराम : किती वाजलं?

जहाँआरा : पावणेसात.

हौशीराम : आरती साडेसहाला सुटती ना?

जहाँआरा : सुटते. सातला घरात. आज जरा मागंपुढं.

हौशीराम : आन् भाईर कठड्यावर कोन हाय आता?

जहाँआरा : कोण बसणार? एकाला नेलं, बाकीची भ्यालीत. म्हणतात बसलो तर आमाला बी उचलतील. पाच वर्षांत पहिल्यांदा आज कठडा मोकळा आहे, भाऊ. दुपारपासनं मला त्याचीच धास्ती. आरती यायचीय, इफरा यायचीय, पलीकडची लंकाबाई भाजीची पाटी घेऊन यायचीय.

हौशीराम : मी चौकीवर जातो. आत्ता जातो. सांगतो, माझी चूक झाली.

जहाँआरा : जा. जायलाच पायजे. पण वाट तुमाला ठाऊक नाय, आन् आरती येताना हितं कुणी नाय.

हौशीराम : मग मी बसतो. ती आली की तिला संगं घेऊन जातो. ती वाट दावील.

जहाँआरा : तुमी बसणार?

हौशीराम : माझ्यामुळं मोकळा झालाय ना? कुठं बसायचं सांगा.

जहाँआरा : त्या टोकाला नको, तिथनं कोपरा दिसत नाय. अलीकडं, फुटक्या दगडापाशी. आन् रीत लक्षात आहे ना? बाई आली की मान खाली.

हौशीराम : हाय ध्यानात.

(हौशीराम कठड्यावर जाऊन बसला. डिसेंबरची थंडी दगडातनं वर चढत होती, म्हणून त्यानं खांद्यावरचं कांबळं डोक्यावरनं ओढून घेतलं. टपरीवरून ही जागा केवढी भयंकर दिसली होती, आणि इथून बघावं तर नुसती उघडी दारं, दारातनं येणारा भाकरीचा वास, कुठंतरी खोकणारं म्हातारं माणूस. लंकाबाई पाटी घेऊन गेली, तेव्हा त्यानं इमानदारीत मान खाली घातली. मग बऱ्याच वेळानं आणखी पावलं वाजली. त्यानं पुन्हा मान खाली घातली. पावलं थबकली, रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीला लागली आणि भराभर, जवळजवळ पळत, पुढं गेली. हौशीरामला वाईट वाटलं. कोण बिचारी असेल ती, आपल्याला काय भ्यायची, असं त्याच्या मनात आलं.)

आरती : खाला, दार लावा. कठड्यावर कुणीतरी बसलंय.

जहाँआरा : बस आधी. पाणी पी. केवढी धापा टाकतेस.

आरती : ओळखीचं नाही कुणी. डोक्यावरनं कांबळं घेतलंय, तोंड दिसत नाही. एकटाच आहे. मी पलीकडनं पळत आले. तन्वीरभाई कुठंयत? बाकीचे कुठंयत सगळे? इफरा अजून यायचीय, तिला आणायला कुणीतरी जायला पाहिजे.

जहाँआरा : आरती, ते तुझे वडील आहेत.

आरती : अण्णा?

जहाँआरा : जा, हाक मार त्यांना. मान वर करायचे नाय ते, मीच सांगितलंय.

आरती : अण्णा! अहो अण्णा, तुम्ही इथं काय करताय?

हौशीराम : आरते? तू व्हतीस व्हय ती? आत्ता पलीकडनं गेली ती?

आरती : मीच. मला वाटलं...

हौशीराम : काय वाटलं?

आरती : जाऊ दे ना अण्णा. अंधार होता.

हौशीराम : न्हाई, सांग. काय वाटलं तुला?

आरती : कुणीतरी वाईट माणूस आहे असं वाटलं.

हौशीराम : हां.

जहाँआरा : आरती, तन्वीर चौकीत आहे. का, ते तुझे वडील सांगतील. त्यांच्याच तोंडून ऐक.

हौशीराम : मी सांगितलं पोलिसात. गेणभाऊकडनं. त्याची भुवई, त्याचा चाकू, सगळं सांगितलं. लाज वाटती मला, पोरी. तुला न्यायला टेम्पो घिऊन आलो व्हतो.

आरती : तन्वीरभाईंबद्दल? अण्णा, रात्रपाळी असली की ते मला दवाखान्यापर्यंत सोडतात. दहा पावलं मागं चालतात, बोलत पण नाहीत. तुम्ही मला एकदा विचारायचं होतं.

हौशीराम : विचारायला पायजे व्हतं. चल, चौकीवर चल माझ्यासंगं. वाट दाव.

आरती : तिथं जाऊन काय सांगणार?

हौशीराम : खरं काय ते. जे डोळ्यानं पायलं ते सांगतो.

आरती : डोळ्यानं पाहिलं तेच तर सांगितलं होतंत तुम्ही. मी रागानं नाही बोलले, अण्णा.

हौशीराम : बोल, बोल. खरंच हाय ते. मग असं सांगतो, की मी आज त्याच्या जागेवर अर्धा तास बसलो, आन् माझी सख्खी पोर मला भिऊन पलीकडनं गेली. लिहून घ्या म्हनतो. एवढ्यावर त्यास्नी कळलं तर ठीक, न्हाईतर पीरमहंमदच्या शेजारी पायरीवर बसतो, सोडीस्तवर. पप्पूला सांग, टेम्पो मोकळाच घिऊन जा.

जहाँआरा : जा मग लवकर. हा घ्या त्याच्या भाकरीचा डबा. सकाळची अर्धीच राहिलीय त्याची.

हौशीराम : आन् हितं? इफरा यायची राहिलीय ना अजून?

जहाँआरा : ते कांबळं देऊन जा माझ्याकडं. ती येईपर्यंत मी बसते.