लाल लाखेची एक बाटली, सोबत आई

नाव: कागदाच्या माथ्यावर घेतलं आहे. हाक मारताना सगळे आजी म्हणतात.
वय: अठ्ठ्याहत्तर. मुलगा ऐंशी सांगतो, त्याला गोल आकडे आवडतात.
धंदा: घरकाम. आज दुपारपुरता, गिऱ्हाईक.
राहणार: मुलाच्या घरी, मागची खोली. त्याच खोलीत इस्त्रीचं टेबल आणि व्यायामाची सायकलही राहते.

पोलीस चौकीत मला समोर बसवून विचारलं, त्यावरून मी माझ्या तोंडाने सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा, सून आणि त्यांचं वाइनचं कपाट यांच्यासोबत राहते. कपाटाला थंडी-ऊन बाधू नये म्हणून आतली हवा कायम एकसारखी ठेवणारं यंत्र बसवलेलं आहे. माझ्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, पण तिचा या प्रकरणाशी संबंध नाही.

लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या, आजी थोडक्यात सांगा. मी नाही म्हटलं. कारण बाहेर बाकावर माझा मुलगा साहेबांना सांगतोय, की आईला हल्ली काही लक्षात राहत नाही, तिला कोणीही फूस लावून नेईल. हे एकदा कागदावर आलं, की उद्यापासून दाराची किल्ली माझ्या कमरेला राहायची नाही. आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला घड्याळवाले बसलेत. मला फूस लावून पळवल्याचा आणि सोबत मुलाची बाटली चोरल्याचा आळ त्यांच्यावर आहे. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून मी त्यांना घड्याळवाले म्हणते. तेव्हा मला जे जे लक्षात आहे ते सगळं मी सांगणार. बाईंचा हात दुखला तर थांबेन.

आज दुपारी जेवणं झाल्यावर मुलगा माझ्या खोलीत आला. एरवी तो दारातूनच बोलतो. म्हणाला, "आई, चल, तुला जरा फिरवून आणतो." मी इतकी हरखले की डाव्या पायात उजवी चप्पल घातली. स्वेटर मात्र सरळ घातला. स्वेटर लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

गाडीत बसल्यावर फिरायला म्हणजे कुठे ते कळलं. वाइनच्या दुकानात नव्या बाटल्या आल्या होत्या, आणि त्यातल्या काही मोजक्याच. मोजक्याला मुलगा 'लिमिटेड रिलीज' म्हणतो आणि म्हणताना आवाज खाली आणतो, जसं आजारपणाबद्दल बोलावं. अशी बाटली माणशी एकच मिळते. मुलाला लाल लाखेने तोंड बंद केलेली हवी होती, आणि दोन हव्या होत्या. उद्या त्याच्या ऑफिसातले साहेब जेवायला येणार. एक त्यांच्यासमोर उघडायची, एक जाताना त्यांच्या हातात द्यायची. सूनबाईंना सवड नव्हती. शेजारी साखर उसनी देतात, माणूस देत नाहीत. तेव्हा त्याला आठवलं, की घरात एक डोकं नुसतं पडून आहे.

माझं काम त्याने मला दोनदा शिकवलं. "आई, फक्त बोट दाखवायचं आणि म्हणायचं, लाल लाखेची. बाकी एक शब्द नाही." मी विचारलं, "आणि नमस्कार?" तो म्हणाला, "तोही नको."

दुकान चकचकीत आहे. सगळ्या बाटल्या आडव्या निजवलेल्या, प्रत्येकीच्या उशाशी कार्ड. इस्पितळातला वॉर्डच म्हणा, फक्त भेटायला येणारे जास्त आणि जास्त काळजीत. कार्डावर प्रत्येकीची लक्षणं लिहिलेली. एकीला ओल्या दगडाचा वास, एकीला जुन्या चामड्याचा, एकीला पेन्सिल तासल्याचा. एवढंच हवं असेल तर पावसात दप्तर घेऊन दगडावर बसावं, दुकानात कशाला यायचं? पण मला बोलायची बंदी होती. लोक पेल्यात नाक घालून डोळे मिटून उभे होते. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी जन्मभर पाहिली, नाकाने पिणारी आज पाहिली. आणि पिऊन? पिऊन बादलीत थुंकायचं! मोजका माल मोजका का उरतो ते मला त्या बादलीपाशी कळलं.

काउंटरवर काळा एप्रन घातलेली एक मुलगी होती. बोट दाखवायला माझा हात वर गेला होता, तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, तुम्हाला कुठली आवडेल?"

प्रश्न कळायला मला वेळ लागला. ऐकू नीट येतं, तसा वेळ नव्हे.

मी म्हटलं, "चाखल्याशिवाय कसं सांगू?" तिने मला चाखायला दिल्या. मी थुंकले नाही. आमच्याकडे तोंडात घेतलेलं परत देत नाहीत. त्यात एक फिकट होती, जवळजवळ पाणीच दिसणारी. ती प्यायल्यावर वाळत घातलेल्या स्वच्छ चादरीत तोंड खुपसावं तसं वाटलं. हे तिच्या कार्डावर नव्हतं. मुलीला सांगितलं तर ती हसली आणि पेन काढून खरंच तिथे लिहून ठेवलं. मी आणखीही सांगणार होते, पण मागून मुलगा खोकला. म्हणून मी बोट दाखवलं आणि म्हटलं, "लाल लाखेची." मुलीने माझ्याकडून सही घेतली आणि बाटली माझ्या हातात दिली. तिथला नियमच तसा, ज्याची सही त्याची बाटली. मुलगा तेव्हा जोरजोरात मान हलवून हो म्हणत होता. दुकानात कॅमेरा आहे, साहेबांनी ती मान पाहावी.

ती लाल लाखेची शेवटची निघाली. माझ्यामागे घड्याळवाले उभे होते. त्यांना त्यांच्या मुलीने आणलं होतं, ती दातांची डॉक्टर आहे. माझ्या मुलासारखीच तिनेही स्वतःची बाटली आधीच घेतली होती आणि दुसरीसाठी वडील आणले होते. घड्याळवाल्यांनी बोट वर केलं, पण दाखवायला काही उरलं नव्हतं. झालं, दोघांची जुंपली.

दातांची डॉक्टर म्हणाली, "यांच्या आईंना वाइनमधलं काय कळतं? उगाच आणून उभं केलंय!"

माझा मुलगा म्हणाला, "तुमच्या वडिलांना कळतं वाटतं?"

"बाबांना जाण आहे. उपजत."

"त्यांचे डोळे मिटलेत."

"ते आस्वाद घेतायत!"

घड्याळवाले उभ्या उभ्या डुलकी घेत होते.

आम्हा दोघांना दाराजवळच्या खुर्च्यांवर बसवलं, तशी छत्र्या ठेवायची जागाही तिथेच आहे. बाटली माझ्या मांडीवर. घड्याळवाल्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला कशाला आणलंय?" मी म्हटलं, "डोकं म्हणून. तुम्हाला?" ते म्हणाले, "मलाही. बाकीचं शरीर आपलं सोबत आलंय." मी इतकी हसले की भांडणारी दोघं क्षणभर थांबली, आमच्याकडे बघितलं, आणि पुन्हा सुरू झाली.

आता पुढचं बाईंनी नीट लिहावं. मी त्यांना म्हटलं, "वस्तू एक आणि धनी दोन, म्हणून भांडण. वस्तूच नसली तर?" हे मी म्हटलं. ते म्हणाले, "ताई, तुमचा मुलगा रागवेल." मी म्हटलं, "तो रागवायचा झाला तर त्याला आधी आपल्याकडे बघावं लागेल." आणि मी उठले. ते माझ्यामागून आले, कारण दार जड होतं आणि त्यांना वाटलं मला उघडता येणार नाही. फूस कोणी लावली असेल तर ती मी लावली. त्यांना सोडून द्या, त्या बाकावर त्यांची कंबर धरते.

चार दुकानं पुढे कपडे धुवायचं दुकान आहे, नाणं टाकून यंत्र लावायचं. आत ऊब असते आणि बसायला जागा. घड्याळवाल्यांच्या खिशात घड्याळाची पाठ उघडायचं चिमुकलं हत्यार असतं. त्याने बूच निघालं नाही, आत पडलं. भांडी नव्हती, म्हणून साबण मोजायची टोपणं विसळून घेतली. घड्याळवाल्यांनी बाटलीबरोबर आलेलं कार्ड वाचून दाखवलं, "शेवटी फुलांचा मंद दरवळ रेंगाळतो." मग टोपण हुंगलं आणि म्हणाले, "अगदी बरोबर लिहिलंय."

चवीचं विचाराल तर खोकल्याच्या औषधाची मोठी बहीण. पण मोजकी आहे ना, मग गोड मानून घ्यायची.

तिथे आम्ही काय बोललो ते तपासाला लागत नाही. एवढंच लिहा, की त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, मग मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. मध्ये कोणी खोकलं नाही. समोर कुणाच्या तरी चादरी गरगर फिरत होत्या. बाटली कधी संपली ते खरंच लक्षात नाही. या एका बाबतीत मुलाचं म्हणणं बरोबर आहे.

आम्ही लपलो होतो असंही तक्रारीत आहे म्हणे. दुकानाला पुढून अख्खी काच. आत भगभगीत दिवे. आम्ही काचेला खांदा लावून बसलेलो. तिथून मुलगा दोनदा पळत गेला, मी हातही केला. तो लाल लाखेची शोधत होता, आणि ती माझ्या पायाशी होती.

मग पोलीसदादा आले. ते हातातला तक्रारीचा कागद वाचून खात्री करत होते, तो मी ऐकला. बाटलीचं वर्णन: कुठल्या उतारावरची द्राक्षं, कुठलं साल, काळं लेबल, त्यावर सोनेरी रेघ, मानेला लाल लाख, एका बाजूला ओघळलेली. वाचताना सुद्धा बाटली डोळ्यांपुढे उभी राहते. त्याखाली माझं वर्णन: वृद्ध स्त्री, मध्यम बांधा, अंगात स्वेटर, रंग आठवत नाही.

स्वेटर हिरवा आहे. बाईंनी पाहून घ्यावा. तो मुलाचाच आहे. कॉलेजात असताना त्याच्या अंगातून निघत नव्हता, दोन्ही कोपरांना मी रफू केलंय, उजव्याला दोनदा. टाकायला काढला तेव्हा मी घेतला. लक्षात कोणाच्या राहतं आणि कोणाच्या राहत नाही, ते साहेबांनी आता ठरवावं.

बाटली माझ्या सहीने माझी होती. स्वतःच्या वस्तूची चोरी कशी करतात ते मला कोणी शिकवलेलं नाही, मी शाळेत फार गेले नाही. रिकामी बाटली पुरावा म्हणून जमा आहे. पुरावा बघून झाला की मला परत मिळावी. मुलाविरुद्ध माझी तक्रार नाही. सकाळपासून धावपळीत आहे, त्याला कोणीतरी पाणी द्या.

एप्रनवाली मुलगी सांगत होती, पुढच्या महिन्यात पुन्हा नवीन बाटल्या येणार आहेत. घड्याळवाले आणि मी जाणार आहोत, आपापल्या पायांनी आणि आपापल्या डोक्यांनी. ती विचारेल, कुठली आवडेल, तेव्हा मी फिकट म्हणणार आहे. हेही लिहा. किल्ली माझ्या कमरेला आहे, हेही लिहा.

वरचं सगळं बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, दोन ठिकाणी त्या हसल्या. मी सांगितलं तसंच उतरलं आहे, बरोबर आहे. मुलाच्या तक्रारीत स्वेटरपुढे 'रंग आठवत नाही' आहे, ते खोडून तिथे 'हिरवा' असं त्याने त्याच्या हाताने भरावं.

अंगठा नको. सही करते.