साहेबाच्या माशाच्या उवा

नाही नाही, खाण्यासाठी नाही हो शास्त्रीबोवा — कानावर हात कशाला ठेवता, विचारायला आलात ना? मग ऐका. मासा घरात आहे, हे खरं. माजघरात नाही, ओसरीवर आहे, हेही खरं. आणि माझ्या पोटात नाही, हे तर सगळ्यांत खरं. एवढं आळीत सांगा, म्हणजे परवा आमच्या वडिलांच्या श्राद्धाला ब्राह्मण येतील. येतील ना? — बघू म्हणजे काय? छत्तीस वर्षं मीठखात्यात कारकुनी केली मी, ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे मला कोणी शिकवायला नको.

या असे जवळ, चावत नाही तो. ही काचेची पेटी साहेबांची, बिलायतेहून आलेली. बिडाची चौकट, आत खाडीचं पाणी. साहेब सहा महिन्यांच्या रजेवर निघाले तेव्हा म्हणाले, तुम्ही आता पेन्शनर, तुम्हांला दुसरं काम काय? आमचा श्रीपाद त्यांच्याच हाताखाली मिठागरावर लागलेला — मी काय म्हणणार, माझा धर्म बुडतो? म्हटलं, आनंदानं सांभाळतो. आमची ही दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून कल्याणला भावाकडे गेली, ती अजून आलेली नाही. — वास? येणारच. मला काय नाक नाही? चेंदणीची आवडाबाई कोळीण भरतीचं पाणी घागरीनं आणून पायरीखाली ठेवते, ते मी नाकाला उपरणं बांधून ओततो, मग अंघोळ. दिवसाकाठी तीन अंघोळी होतात माझ्या. तुमच्या किती होतात, ते मी विचारत नाही.

बरं, वास सोसला. पण महिन्याभरानं मासा अंग घासायला लागला — दगडावर, काचेवर, खरूज झालेला बैल खांबाला घासतो तसा. चष्मा लावून पाहिलं तर उवा! माशाला उवा होतात हे तुमच्या शास्त्रात आहे का? मसुराएवढ्या, चपट्या, काचेसारख्या, अंगाला चिकटून रक्त पिणाऱ्या. आणि तोंडात — नको, जेवून आला असाल. — नाही? मग ऐकाच. त्यानं तोंड उघडलं की आतून दोन डोळे बघायचे. किडा! पांढरा, पायापायांचा, माशाची जीभ खाऊन तिच्याच जागी बसलेला, जसा काही जीभच. आमच्या कचेरीत एक शिरस्तेदार होता, साहेबाच्या तोंडात असाच बसलेला — साहेबाचं सगळं बोलणं तोच बोलायचा. साहेबाला जीभ नाही, हे खात्याला अखेरपर्यंत कळलं नाही. असो. काटा काढायच्या चिमट्यानं ओढून काढला त्याला. अख्खा आला, वळवळत, माझ्या अंगठ्यावर. ओकलो हो मी, इथंच, पायरीवर.

राहिल्या उवा. साहेब जाताना सूचनांचा कागद देऊन गेलेत, त्यात उवांचं नाव नाही. एवढंच, की माशाला गोड्या पाण्याचा थेंब लागू देऊ नये. आवडाबाईला विचारलं, तर ती हसली. म्हणाली, “भटा, गोऱ्या पान्यान बुरव त्याला. घटकाभर नाय, जराच. उवा आपसूक झरतीन.” छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी साहेबाचा हुकूम मोडला, तोही कोळणीच्या सांगण्यावरून. विहिरीचं गोडं पाणी, नवं मडकं — हो, कुंभाराकडचं कोरं मडकं, स्वयंपाकघरातलं भांडं नव्हे, हे आळीत आवर्जून सांगा. उवा पडल्या, पण मेल्या नाहीत, आणि चार दिवसांत नव्या आल्या. मग पुढच्या खेपेला तांब्याच्या भांड्यात आदल्या दिवशीच भरून ठेवलेलं पाणी घेतलं, तर काय आश्चर्य — पटापट मेल्या, तळाला नुसत्या टिकल्या. धातूचाच गुण असणार. फक्त मासा उसळी मारतो, हातानं धरून ठेवावा लागतो, कारण ताम्हनाला काठ तो असून असून केवढा —

हं. ताम्हनच. माझंच, संध्येचं. घरात तांब्याचं दुसरं होतं काय? बंब! बंबात उवा दिसायच्या कशा? आणि घासलं हो मी ते, चिंचेनं, राखेनं, सात वेळा. — मासा धरला म्हणजे, दोन्ही हातांनी धरला. गार, बुळबुळीत, आणि आत काळीज धडधडतं ते आपल्या तळहाताला कळतं. शिसारी येते, सोडवत मात्र नाही. जास्त वेळ ठेवला तर उवांआधी तोच मरायचा, कमी ठेवला तर उवा राहायच्या. आवडाबाई म्हणते, तुजा दम टिकल तवर. मला दमा! माझा दम चार मोजेपर्यंत संपतो. घड्याळ साहेबांच्या बंगल्यावर. मग मोजायचं कशानं? मुंजीपासून एकच गोष्ट मी रोज, एका लयीत म्हणत आलोय. ती दहा वेळा म्हटली की बरोब्बर —

पांढरे का पडलात? हो, गायत्री. मनात नाही, मोठ्यानं. मनात मोजणी चुकते. — कोणी ऐकली? ह्यानं. ती कोणाकोणाच्या कानी पडू नये, याची यादी असेल तुमच्याजवळ. तीत मासा आहे का, घरी जाऊन बघा. आणि आता निघालंच आहे तर सांगतो — पन्नास वर्षं संध्या करतोय, एक दिवस लक्ष लागलं नाही. कधी आमटीकडे, कधी शिरस्तेदाराकडे. त्या ताम्हनावर लागलं. एक अक्षर पुढं-मागं होऊ दिलं नाही. आहे की नाही किळसवाणी गोष्ट?

उठलात? — प्रायश्चित्ताचं म्हणता? साहेब परत येईपर्यंत तरी नाही. आज घ्यायचं आणि उद्या पुन्हा हात घालायचा, अशी लबाडी कचेरीत पुष्कळ केली. — म्हणजे परवा कोणी येणार नाही. सरळ बोला की. बरं. पिंड मी करीन, मांडीन. कावळ्याला आळीची परवानगी लागत नाही.

सरा जरा, उजेड अडवताय. घासायला लागला बघा पुन्हा. जा आता. मला मोजायचंय, आणि मध्ये कोणी बोललं की चुकतं.