मोठेबाबा आणि स्टँड

चूक माझ्या मोठेबाबांची, म्हणजे बापाच्या मोठ्या भावाची. आधीच सांगून ठेवतो, कारण घरातले सगळे अजून माझ्यावर ढकलतात.

मी कॉलेज सोडलेला. सोमवारपासून बाईकवर पार्सल पोचवायची नोकरी ठरली होती, अडलं होतं फक्त पक्क्या लायसन्ससाठी. टेस्टला मोठेबाबा प्रताप नगरहून माझ्या मागे बसून आले, मला अक्कल शिकवायला. त्यांनी स्वतः जन्मात टेस्ट दिलेली नाही. त्यांचं लायसन्स एजंटानं घरी आणून दिलं होतं.

नियम एकच. गाडी आठाच्या आकड्यात फिरवायची, पाय टेकवायचा नाही. मी शेवटच्या वळणावर होतो आणि कुंपणापाशी उभे असलेले मोठेबाबा बोंबलले, "स्टँड, अरे स्टँड."

मी खाली पाहिलं. स्टँड वरच होता. तेवढ्यात गाडी कलली आणि पाय टेकला.

"फेल," टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात या."

मी कुंपणाशी गेलो. "मोठेबाबा, काहून ओरडले? माझा स्टँड वरच होता."

"तुले कोण म्हणून राहिलं होतं गा? रस्त्यावरून एक बाई स्कूटीवर चालली होती, तिचा स्टँड खाली होता. पडली असती ना."

"मग केला तिनं वर?"

"तिनं ऐकलंच नाही. पण तू काहून खाली पाह्यलं? गाडी चालवताना समोर पाहा लागते, एवढंबी नाही समजत तुले?"

सोमवारी माझ्या जागी दुसरा पोरगा लागला.