पेटीतलं धुकं

नाशिक रोडच्या बसथांब्यावर माझ्या मागे आत्या-भाची बोलत होत्या.

“स्वानंदी, तुमच्या लॅबमध्ये धुकं तयार करतात म्हणे?”

“हो आत्या. काचेच्या मोठ्या पेटीत. मग त्यात दिवा लावून उजेड कसा पसरतो ते बघतो.”

“मग एकदा त्यात अप्परचा लांब झोत टाकून बघ ना. आपला विश्वेश धुक्यात गेला त्या पहाटे त्याच्या गाडीचा होता, तसा.”

“बघितलंय.”

“कधी गं?”

“त्याचं दहावं झाल्यावर लगेच. उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो. समोर नुसतं पांढरं.”

“लोक म्हणतात, ट्रॅक्टर दिसत असून त्यानं ब्रेक मारला नाही.”

“त्याला ट्रॅक्टर दिसलाच नसणार, आत्या.”

“अगदी शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

“म्हणजे माझं लेकरू घाबरलं नसेल गं.”